प्रतिक्रियांना उत्तर कसं द्यावं: एका ओळीतून ग्राहकाशी नातं जोडताना

आपण काय विकतो, काय शिकवतो, कोणती सेवा देतो हे लोकांपर्यंत पोचवायला आपण केवढा खटाटोप करतो. फोटो काढतो, व्हिडिओ बनवतो, माहिती लिहितो, जाहिरातीवर पैसे घालतो. मग त्यावर कुणी प्रश्न विचारतं, कुणी कौतुक करतं, कुणी कुरकुर करतं, आणि तिथे आपलं उत्तर जातं ते फक्त ‘धन्यवाद’. पुष्कळदा तेवढंही जात नाही. ज्या माणसानं आपणहून दोन ओळी लिहायचे कष्ट घेतले, त्याच्याकडेच आपण कानाडोळा करतो, आणि नवी माणसं शोधायला पुन्हा जाहिरातीकडे वळतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण व्यवसाय वाढायला लागणारी निम्मी सामग्री त्या दोन ओळींतच असते.

पहिलं उत्तर हे नुसतं सौजन्य असतं. नातं सुरू होतं ते तोच माणूस दुसऱ्यांदा लिहितो तेव्हा. म्हणून उत्तर लिहून झालं की स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: हे वाचून या माणसाला पुन्हा लिहावंसं वाटेल का? आणि त्यानं लिहिलंच, तर आपण त्याला ओळखू का? पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांसाठी आहेत.

आधी हे ठरवा: उत्तर वाचणार कोण

प्रतिक्रिया एकानं लिहिलेली असते, वाचणारे मात्र कितीतरी असतात. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ठोकताळा मांडला होता: साधारण ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि उरलेला १ टक्का बहुतेक सगळं लिहितो. प्रत्येक ठिकाणी हे प्रमाण तंतोतंत असेच असेल असं नाही, पण ज्यानं कुणी आपल्या पानावरची वर्दळ आणि तिथल्या प्रतिक्रिया शेजारी ठेवून पाहिल्या असतील त्याला हे पटेल. लिहिणारा एक, बघणारे अनेक.

याचा अर्थ असा की तक्रार करणाऱ्याला दिलेलं उत्तर हे अजून काहीच न घेतलेल्या, शांतपणे चाचपणी करणाऱ्या माणसासाठीही असतं. तो बघत असतो, ‘उद्या माझं काही बिघडलं तर ही माणसं माझ्याशी कशी बोलतील?’ म्हणून उघड उत्तर लिहिताना समोरच्याचं नाव घ्या, पण मनात तो न बोलणारा वाचकही असू द्या. वादात जिंकायचा मोह त्यामुळे आपोआप कमी होतो.

सगळे निरोप एका जागी आणा

गूगलवरची परीक्षणं, व्हिडिओखालचे प्रश्न, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, ईमेल, विक्रीच्या संकेतस्थळावरचे प्रश्न. माणसं कुठूनही लिहितात आणि नेमका जिथे आपण फिरकत नाही तिथला प्रश्न आठवडाभर पडून राहतो. एक कागद घ्या आणि लोक आपल्याला कुठे कुठे लिहू शकतात याची यादी करा. ज्या जागेकडे लक्ष देणं जमणार नाही ती बंद करा, किंवा तिथे ‘इथे उत्तर मिळत नाही, अमुक ठिकाणी लिहा’ असं स्पष्ट लिहून ठेवा. अर्धवट उघड्या ठेवलेल्या जागेपेक्षा बंद जागा बरी.

उरलेल्या प्रत्येक जागेच्या सूचना एकाच ईमेलवर किंवा एकाच फोनवर येतील अशी सोय करा, आणि त्या कोण बघणार हे नावानिशी ठरवा. दोघं-तिघं मिळून काम करत असाल तर हे फार महत्त्वाचं आहे. ‘तिनं दिलं असेल उत्तर’ या समजुतीत कितीतरी गिऱ्हाइकं निसटतात.

वेळ ठरवा, घाई नको

दिवसभर फोनला चिकटून राहायची गरज नाही. दिवसातून दोन ठरलेल्या वेळा, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं, एवढं सातत्यानं जमलं तरी लहान व्यवसायाला पुरतं. लोकांना पाच मिनिटांत उत्तर नको असतं, आपलं लिहिणं हवेत विरलं नाही एवढं कळायला हवं असतं. एका दिवसाच्या आत काहीतरी उत्तर जाईल हा नियम पाळा. पूर्ण माहिती नसेल तर ‘बघून उद्या दुपारपर्यंत सांगते’ एवढं लिहा आणि मग ती दुपार पाळा.

व्हॉट्सॲपची मोठ्या व्यवसायांसाठीची सॉफ्टवेअरला जोडलेली सेवा वापरत असाल तर एक तांत्रिक मुद्दाही आहे. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासांच्या आतच तुम्हाला मोकळेपणानं लिहिता येतं, त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला साचाच पाठवावा लागतो. फोनवरच्या साध्या बिझनेस ॲपला ही अट नाही.

रागानं लिहिलेल्या तक्रारीला मात्र दोन टप्प्यांत उत्तर द्या. दखल लगेच घ्या, खुलासा थांबून. तक्रार वाचून आपलंही डोकं तापलेलं असतं, आणि त्या भरात लिहिलेली ओळ पुढे वर्षानुवर्षं कुणीही वाचू शकतं.

प्रश्नाला उत्तर: नुसतं ‘हो’ पुरेसं नाही

समजा तुम्ही कॅनव्हासच्या बॅगा शिवता आणि कुणीतरी विचारलं, ‘यात १५ इंची लॅपटॉप मावेल का?’ तुम्ही लिहिलंत, ‘हो.’ उत्तर खरं आहे, पण संवाद तिथेच मिटला. आता हे बघा:

‘हो, १५.६ इंची लॅपटॉप आरामात मावतो. फक्त चार्जर त्याच कप्प्यात ठेवू नका, चेनवर ताण येतो; त्यासाठी पुढचा कप्पा आहे. तुमचा लॅपटॉप गेमिंगचा जाड असेल तर जाडी कळवा, बॅगेत तेवढ्या जाडीचं पुस्तक ठेवून बघते आणि सांगते.’

या उत्तरात तीन गोष्टी झाल्या. प्रश्नाचं उत्तर पहिल्याच शब्दात मिळालं. न विचारलेली पण वापरताना कामी येणारी एक गोष्ट कळली, जी फक्त ती बॅग बनवणाऱ्यालाच ठाऊक असते. आणि शेवटी त्या माणसाला पुन्हा लिहायला एक खरं कारण मिळालं. हा तिसरा भाग बहुतेक जण विसरतात, किंवा त्याच्या जागी ‘आणखी काही शंका असल्यास जरूर कळवा’ असं ठरीव वाक्य टाकतात. त्या वाक्याला कुणी उत्तर देत नाही. नेमका प्रश्न विचारला तर मात्र माणूस बोलतो.

विक्रीबद्दलही इथेच सांगते. कुणी माहिती विचारली की लगेच ‘आजच ऑर्डर करा, लिंक खाली’ असं चिकटवायचा मोह होतो. किंमत किंवा कुठे मिळेल हे विचारलं असेल तर जरूर सांगा, अगदी पहिल्या ओळीत सांगा. ‘इनबॉक्समध्ये या’ म्हणून किंमत लपवू नका. पण विचारलेलं नसेल तर विकू नका. चांगलं उत्तर वाचून माणूस स्वतःच पुढचा प्रश्न विचारतो.

तक्रार: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

तक्रार करणारा माणूस नाराज असतो, पण निघून गेलेला नसतो. जो खरंच गेला तो काही न बोलता जातो. म्हणून तक्रारीला मी कौतुकापेक्षा जास्त मान देते.

त्याच बॅगेबद्दल कुणी लिहिलं: ‘बॅग दिसायला छान आहे, पण दोनच महिन्यांत चेन लावली तरी मागून सुटायला लागली. ही अपेक्षा नव्हती.’

यावर सर्रास दिसणारं उत्तर असं असतं: ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय आहे. कृपया आमच्या ग्राहक सेवेशी संपर्क साधा.’ या तीन वाक्यांत ‘चेन’ हा शब्दच नाही. हे उत्तर कुणालाही, कशालाही देता येईल, आणि वाचणाऱ्याला ते बरोबर कळतं. शिवाय पुढचं काम त्याच्याच गळ्यात मारलं आहे.

त्याऐवजी असं लिहिता येईल:

‘दोन महिन्यांत चेन सुटणं बरोबर नाही, तुमचं म्हणणं रास्त आहे. दात शाबूत असून चेन मागून सुटत असेल तर बहुतेक वेळा रनर सैल झालेला असतो, आणि तो बदलला की काम होतं. दुरुस्ती आणि ने-आण दोन्हींचा खर्च आमचा. मी तुम्हाला आत्ताच खासगी मेसेज करते आहे, तिथे चेनचा जवळून काढलेला फोटो पाठवाल का? दुरुस्ती झाली की इथेही कळवते.’

काय बदललं ते नीट पाहा. तक्रारीतली नेमकी गोष्ट पहिल्या वाक्यात आली. ‘पण’ लावून आपली बाजू मांडली नाही. संभाव्य कारण सांगितलं, तेही सारवासारव न वाटता. पुढचं पाऊल आपण उचललं. आणि ऑर्डर क्रमांक, पत्ता, फोन यातलं काहीही उघडपणे मागितलं नाही. ते खासगीतच मागायचं. समोरच्यानं रागाच्या भरात कितीही लिहिलं तरी ‘तुम्ही तर सवलतीत घेतली होती’ किंवा ‘तुमचे पैसे उशिरा आले होते’ असे त्याच्या व्यवहाराचे तपशील चारचौघांत काढायचे नाहीत. ते खरे असले तरीही नाहीत.

आता जो टप्पा जवळजवळ सगळे गाळतात: खासगीत प्रश्न सुटल्यावर मूळ जागी परत या. ‘रनर बदलून बॅग पाठवली. त्याच खेपेतल्या उरलेल्या बॅगांचे रनरही तपासले, आणखी काही सैल निघाले, तेही बदलले. कळवलंत म्हणून लक्षात आलं.’ ही ओळ नसेल तर बघणाऱ्या बाकीच्यांना गोष्टीचा शेवट कळतच नाही. त्यांच्या लेखी चेन अजून तुटलेलीच असते.

नीट निस्तरलेल्या तक्रारीमुळे ग्राहक आधीपेक्षाही खूश होतो, असं म्हणतात. मॅककोलो आणि भारद्वाज या संशोधकांनी १९९२ मध्ये या कल्पनेला नाव दिलं, आणि पुढे त्यावर बराच अभ्यास झाला. २००७ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा समाधान वाढताना दिसलं, पण पुन्हा खरेदी करण्याच्या इराद्यावर तसा ठोस परिणाम दिसला नाही. म्हणजे चूक होऊ देऊन मग ती गोड करण्यात फायदा आहे असा हिशेब कुणी मांडू नये. निस्तरण्यानं विश्वास टिकतो. तेवढंही पुष्कळ आहे.

उघड उत्तरांचा परिणाम मोजणारा एक चांगला अभ्यास हॉटेलांवर झालेला आहे. प्रोसर्पियो आणि झेर्वास यांनी २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. ट्रिपॲडव्हायझरवर हॉटेलांनी परीक्षणांना उत्तरं द्यायला सुरुवात केल्यावर परीक्षणांची संख्या सुमारे १२ टक्क्यांनी वाढली आणि सरासरी गुण ०.१२ ताऱ्यानं वर गेले. त्यातला मला सगळ्यात बोलका वाटणारा भाग वेगळाच आहे: नकारात्मक परीक्षणं कमी झाली, पण जी आली ती जास्त लांब होती. मालक वाचतो आणि उत्तर देतो हे दिसलं की उगाच दोन शब्दांत फटकारणारा आवरतं घेतो, आणि ज्याची तक्रार खरी आहे तो ती सविस्तर लिहितो. आपल्याला नेमकं हेच तर हवं असतं.

कौतुक

कौतुकाला तोंडदेखलं ‘धन्यवाद’ देण्याऐवजी त्यातला एक तपशील उचला. कुणी लिहिलं, ‘रोज ऑफिसला हीच बॅग नेते, सगळे विचारतात कुठून घेतली,’ तर विचारा, ‘कोणता कप्पा सगळ्यात जास्त वापरला जातो? पुढच्या बॅगेत काय बदलू?’ खूश असलेला ग्राहक हा सल्ला द्यायला सगळ्यात उत्सुक असतो आणि त्याला कुणी विचारत नाही. यूट्यूबवर उपयोगी प्रतिक्रिया सगळ्यांत वर टाचून ठेवता येते. तिथे कौतुकापेक्षा चांगला प्रश्न आणि त्याचं उत्तर टाचा. कौतुक जाहिरातीत वापरायचं असेल तर आधी त्या व्यक्तीला विचारा.

माणूस लक्षात ठेवा

सुरुवातीला म्हटलेला दुसरा प्रश्न आता येतो. तोच माणूस चार महिन्यांनी लिहितो, आणि आपण त्याच्याशी पहिल्यांदा भेटल्यासारखं बोलतो. मागची आपुलकी एका क्षणात खोटी ठरते.

यावर उपाय अगदी साधा आहे: वही किंवा एक तक्ता. त्यात पाच रकाने पुरतात. नाव, कुठे लिहिलं आणि कधी, काय म्हणाले, आपण काय कबूल केलं, आणि ते झालं का. यातला चौथा आणि पाचवा रकाना सगळ्यात मोलाचा. ‘नवा रंग आला की कळवते’ असं आपण सहज लिहून जातो. समोरचा मात्र ते लक्षात ठेवतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ग्राहकांना लेबलं लावता येतात. ‘रंग आल्यावर कळवायचं’ असं एक लेबल केलंत की रंग आला त्या दिवशी यादी तयार असते. आणि ‘मागच्या वेळी तुम्ही सायकलवर नेण्याबद्दल विचारलं होतंत, नव्या बॅगेला छातीचा पट्टा दिला आहे’ असा निरोप जेव्हा जातो, तेव्हा ती जाहिरात राहत नाही.

मर्यादा मात्र पाळा. वहीत तेवढंच लिहा जे त्या माणसानं स्वतःहून तुम्हाला सांगितलं. त्याच्या खात्यावर जाऊन घरच्यांचे फोटो, सहली पाहून त्यावरून बोलायला जाल तर माणूस दचकतो, आणि ते योग्यच आहे. एकदा प्रश्न विचारला म्हणून त्याचा नंबर जाहिरातीच्या यादीत घालणंही तसंच चुकीचं.

प्रश्नांमधून व्यवसाय कसा वाढतो

महिन्यातून एकदा, तासभर शांत बसून ती वही वाचा. एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारला असेल तर दोष विचारणाऱ्यांचा नाही, माहिती अपुरी आहे. ‘किती इंची लॅपटॉप मावतो’ हे पुन्हा पुन्हा येत असेल तर ते वर्णनाच्या पहिल्या ओळीत जायला हवं. हे करताना लोकांचेच शब्द वापरा. तुम्ही ‘जलरोधक अस्तर’ लिहिता आणि लोक विचारतात ‘पावसात भिजेल का?’ तर तुमच्या वर्णनात ‘पावसात’ हा शब्द हवा. लोक शोधतानाही तसंच शोधतात.

दुसरं म्हणजे नव्या वस्तू. ‘हे लहान आकारात आहे का?’, ‘फक्त पट्टा वेगळा मिळेल का?’ असे प्रश्न म्हणजे आधीच उभी असलेली मागणी. लगेच बनवायला घेऊ नका. ज्यांनी विचारलं त्यांनाच लिहा: ‘पट्टा वेगळा विकायचा विचार करते आहे, किती लांबीचा हवा?’ त्यांच्या उत्तरांवरून कळेल की ही सहज केलेली चौकशी होती की खरी गरज. आणि वस्तू तयार झाली की पहिला निरोप यांनाच.

तिसरं, लिहिण्याचे विषय. चेन सुटली तर काय करायचं हे तुम्ही एका ग्राहकाला इतकं नीट समजावलंत. तेच दोन मिनिटांच्या व्हिडिओत दाखवा. ज्याच्याकडे तुमची बॅग नाही त्यालाही ते उपयोगी पडेल.

दुसऱ्यांच्या जागी बोलताना

आपल्या क्षेत्रातले इतर लोक लिहितात, बोलतात, तिथेही चर्चा चालते. तिथे उपयोगी भर घालणं हा ओळख वाढवायचा चांगला मार्ग आहे, पण तिथे आपण पाहुणे असतो. पूर्ण लेख वाचून, त्यातल्या एखाद्या मुद्द्यावर स्वतःच्या कामातलं काही सांगता आलं तरच लिहा. ‘खूप छान, आमच्याही पेजला भेट द्या’ हे कुणालाच आवडत नाही. लिंका पेरून गूगलवर वर येता येईल ही समजूतही सोडा. अशा लिंकांना महत्त्व मिळू नये म्हणून शोध इंजिनांनी २००५ मध्येच ‘नोफॉलो’ ही खूण आणली.

शिवीगाळ, खोटी परीक्षणं आणि विकत घेतलेले तारे

टीका आणि शिवीगाळ यांत फरक करा. टीका पुसू नका, कितीही बोचरी असो. शिव्या, धमक्या, इतरांची खासगी माहिती, जाहिरातबाजी हे काढून टाका आणि हा नियम आधीच जाहीर ठेवा. गूगलवरचं परीक्षण मालकाला स्वतः काढता येत नाही. धोरणाचा भंग असेल तर तक्रार करता येते, नुसतं आवडलं नाही म्हणून ते निघत नाही. जो माणूस आपला ग्राहकच नाही असं वाटतं त्याला शांतपणे लिहा: ‘या नावाची ऑर्डर आम्हाला सापडली नाही. दुसऱ्या नावानं घेतली असेल तर खासगीत कळवा, नक्की बघू.’ पुढे वाद घालू नका.

सवलत किंवा भेट देऊन चांगलं परीक्षण लिहून घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि फक्त खूश ग्राहकांनाच निवडून लिहायला सांगणंही बसत नाही. विचारायचं तर सगळ्यांना विचारा.

मोजायचं काय, आणि हाताबाहेर गेलं तर

पसंतीचे अंगठे मोजून काही कळत नाही. तीन आकडे लिहीत जा: किती निरोपांना उत्तर गेलं, साधारण किती वेळात गेलं, आणि या महिन्यात दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा लिहिणारी माणसं किती. तिसरा आकडा वाढत असेल तर बरोबर चाललं आहे. शक्य असेल तर नव्या ऑर्डरच्या वेळी ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ एवढं विचारा.

निरोप वाढले की साचे लागतातच. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तिरकी रेघ टाकून ठरलेली उत्तरं आणता येतात. मापं, पोचायचे दिवस, परत करायचे नियम यासाठी ती जरूर वापरा. तक्रारीसाठी आणि कौतुकासाठी वापरू नका, आणि यंत्राकडून लिहून घेतलेलं उत्तर न वाचता पाठवू नका; त्यात तुम्ही न दिलेली हमी घुसलेली असू शकते.

हे काम दुसऱ्याकडे सोपवायची वेळ आली की आधी त्या व्यक्तीला जुनी वही वाचायला द्या. पहिले काही आठवडे तिनं मसुदा लिहावा, तुम्ही वाचून पाठवावा. किती रकमेपर्यंतची दुरुस्ती किंवा परतावा ती तुम्हाला न विचारता कबूल करू शकते हेही ठरवून द्या, नाहीतर प्रत्येक तक्रारीवर ‘विचारून सांगते’ एवढंच उत्तर जाईल. आणि नवी व्यक्ती उत्तरं देत असेल तर खाली तिचं नाव असू द्या, म्हणजे जुन्या ग्राहकांना आपण कुणाशी बोलतो आहोत हे कळेल.